लार्ये मास्तरांच्या कानशींची पेटी

लार्ये मास्तरांनी जाहीर करून टाकलं, की येत्या दोन आठवड्यांत तेशी गावात अशी एक पेटी तयार होणार आहे, जिच्यात ठेवलेली कानस पन्नास वर्षांनी बाहेर काढली तरी लोखंडाला कडकडून चावेल!

जाहीर कुणापुढे केलं? बायकोपुढे. कोर्लेबाई तेव्हा मासे तळत होत्या.

"पन्नास वर्षांनी काढणार कोण?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न तो नाही!"

"मग कुठला आहे?"

"हे गाव कानशीच्या बाबतीत रानटी आहे, हा प्रश्न आहे!"

मास्तर संतापले होते. तसे ते रोजच संतापत, पण आज कारण होतं. त्यांच्या पत्र्याच्या हत्यारपेटीच्या तळाशी घाम सुटला होता आणि अर्धगोल कानशीच्या टोकाला तीळभर गंज चढला होता. तीळभरच! पण मास्तरांचा चेहरा असा झाला होता, जणू घरात कुणाला देवी आल्यात.

त्यांचंही चुकत नव्हतं. घानातलं हे तेशी गाव समुद्राला अगदी खेटून. तिथल्या वाऱ्यात मीठ असतं. ते मीठ खिळे खातं, बिजागऱ्या खातं, सायकली खातं. मास्तरांकडे बारा कानशी होत्या. चपट्या, गोल, अर्धगोल, तिकोनी. चाळीस वर्षं फिटरकी करून जमवलेल्या. पोटच्या मुलीला त्यांनी एवढ्या काळजीने वाढवलं नव्हतं, असं कोर्लेबाई म्हणत, आणि मुलगीही म्हणत असे.

"कानशीचे दात कडक असतात," मास्तर समोर येईल त्याला सांगत. समोर कुणी नसेल तर कोंबड्यांना सांगत. "कडक असतात म्हणूनच ठिसूळ असतात. कानशीवर कानस घासली, की दोघींचेही दात पडतात. वरून काही दिसत नाही. पण लोखंडावर चालवली, की साबणासारखी घसरते! म्हणून कानशी कशा ठेवायच्या? जावांसारख्या! घर एक, पण खोल्या वेगळ्या!"

आणि या वेळी घाई होती. तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिका ओकाईबाई स्वतः घरी येऊन गेल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या चाळीस मुलांना हातकाम शिकवायला त्यांना माणूस हवा होता. "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारपासून या," असं त्या म्हणाल्या होत्या. चाळीस मुलं! मास्तर निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं या एका निरोपाची वाट पाहत होते. कारखान्यात त्यांनी हजारो किल्ल्या, दांडे, दाते घासून बसवले, पण मनातून त्यांना कायम एकच हवं होतं. समोर पोरं बसलेली असावीत, आणि त्यांनी विचारावं, मास्तर, हे असं का?

त्या दिवशी पोरांपुढे गंजकी पेटी उघडायची? छे!

"लाकडाची करून घेतो," मास्तर म्हणाले. "लाकूड घाम गाळत नाही. प्रत्येकीला वेगळा कप्पा, आत मऊ कापड, झाकण असं घट्ट, की वाऱ्याने परवानगी मागितली पाहिजे. आणि लाकूडकाम करावं तर क्लोटेनेच!"

"क्लोटे?" कोर्लेबाईंनी मासा उलटायचा थांबवला. "अहो, तो शवपेट्या करतो."

"म्हणून काय झालं? सांधे बघितलेस त्याचे? सुई शिरत नाही!"

क्लोटेचं दुकान हमरस्त्यावर होतं. आमच्याकडे माणूस गेला, की त्याच्या धंद्याला शोभेल अशी पेटी करतात, हे तेशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोळ्याला माशाच्या आकाराची. ड्रायव्हरला ट्रकच्या आकाराची. कोको पिकवणाऱ्याला कोकोच्या शेंगेची. घरचे लोक गेलेल्याची एखादी वस्तू आणून क्लोटेच्या बाकावर ठेवतात, चार शब्द सांगतात, जातात. क्लोटे कोण गेलं, कधी गेलं, असं एका शब्दाने विचारत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बातमी जाहीर करेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. रीतच आहे तशी.

हे सगळं मास्तरांना माहीत होतं. पण डोक्यात एकदा कानस शिरली, की तिथे दुसरं काही मावत नसे.

ते दुपारी दुकानात गेले, तेव्हा क्लोटे नव्हता. बाजारातल्या एका कांदेवालीच्या घरी तो भलामोठा लाकडी कांदा पोचवायला गेला होता. मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग बाकावर आपली सर्वांत मोठी चपटी कानस ठेवली. मापाला! खिशातून खडू काढला आणि शेजारच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"लार्ये मास्तर. पेटी हवी. उत्तम लाकूड. आत मऊ कापड. झाकण घट्ट, दमट हवा लागता कामा नये. सोबत कानस आहे. दोन आठवड्यांत."

मजकूर त्यांनी दोनदा वाचला. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही! खूश होऊन घरी गेले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने, उरलेल्या अकरा कानशी आणि कोर्लेबाई यांना घेऊन, कोफोरिदुआला मुलीकडे निघून गेले. तिथे डोंगर आहेत, हवा कोरडी. पेटी होईपर्यंत कानशींना हवापालट!

इकडे क्लोटे परतला तो मास्तरांची गाडी सुटल्यावरच. त्याने बाकावरची कानस पाहिली. फळी वाचली. डोक्यावरची टोपी काढली आणि लाकडाच्या भुशातच बसला.

कारण काय, तर मास्तर त्या मोठ्या कानशीला कुणाला बोटही लावू देत नसत. पावसाळ्यात ते तिला उशाशी घेऊन झोपत. एकदा क्लोटेने स्वतः एका अडकलेल्या बिजागरीसाठी ती पाच मिनिटं मागितली होती, तर मास्तरांनी ती बिजागरी आपल्या घरी आणायला लावली होती. दारासकट! ती कानस आज माझ्या बाकावर एकटी पडली आहे, याचा अर्थ एकच!

अक्षर कुणाचं आहे, हे काही तो बघत बसला नाही. रडणाऱ्या माणसाला अक्षर दिसत नाही. रीतीप्रमाणे कुणाला काही विचारलंही नाही. फक्त मास्तरांच्या घरावरून एक चक्कर मारून आला. दाराला कुलूप! घरचे सगळे गेलेले! झालं. त्याने रंधा उचलला आणि कामाला लागला.

दहाव्या दिवशी दुकानापुढे, रंग वाळवायला, एक कानस उभी राहिली. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद. चंदेरी रंग, अंगभर दात, आणि एका टोकाला तपकिरी लाकडी मूठ. उन्हात अशी चमकत होती, की उतारू नेणाऱ्या ट्रोट्रो गाड्यांचे ड्रायव्हर ब्रेक दाबत होते.

"कानस?" एक म्हणाला. "कोण गेलं?"

"कानस म्हणजे दुसरं कोण? लार्ये मास्तर!"

"अरेरे! परवाच मला शिव्या दिल्या होत्या त्यांनी."

"कशाबद्दल?"

"मी पान्याने खिळा ठोकत होतो."

"मग मास्तरच."

क्लोटे गप्प होता. पण साडेसहा फूट कानस गप्प कशी बसणार? संध्याकाळपर्यंत बातमी अख्ख्या किनाऱ्यावर पोचली. आणि त्या बातमीचा ताबा घेतला आशितेने.

आशिते म्हणजे मास्तरांचा जुना सोबती. दोघे एकाच कारखान्यात, एकाच बाकावर, लोखंड पकडायच्या शेजारी-शेजारी शेगड्यांवर पंचवीस वर्षं काम करत होते. त्यातली चोवीस वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. कारण आशिते आपल्या कानशी एका गोणपाटाच्या पोत्यात टाकत असे. हातोडा, छिन्नी, पाने, कानशी, सगळं एकत्र! संध्याकाळी पोतं खांद्यावर मारून खळ्ळखट्याक करत निघायचा. तो आवाज ऐकला, की मास्तर कानांवर हात ठेवत. "खून होतोय, खून!" असं म्हणत.

त्या आशितेने फिटर मंडळाची सभा घेतली. पत्रक छापलं. आणि ओकाईबाईंचं सांत्वन करायला तंत्रशाळेत गेला. गेला तो सांत्वन करायला, आणि बाहेर आला तो पहिल्या वर्षाचा वर्ग खिशात घालून!

शनिवारी सकाळी मास्तर गाडीतून तेशीच्या नाक्यावर उतरले. काखेत अकरा कानशींचं गाठोडं, मागे कोर्लेबाई. समोर विजेचा खांब, आणि खांबावर मास्तर.

मास्तर जवळ गेले. चष्मा वर केला.

"कोर्ले! मी मेलोय!"

"कधी?" कोर्लेबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"ते नाही लिहिलं. पण हे बघ! 'वय एक्क्याऐंशी'! एक्क्याऐंशी?! मी एकाहत्तर वर्षांचा आहे! दहा वर्षं कुणी वाढवली?"

"फोटो बरा आलाय."

"बरा? माझ्या खांद्यावर हा हात कुणाचा? अंगठी बघ! आशितेचा हात आहे हा! मंडळाच्या सहलीतला फोटो कापलाय, आणि त्याला स्वतःचा हातसुद्धा कापवला नाही! आणि पुढे वाच. 'परिपूर्ण, समाधानी आयुष्य. सर्वांनी पांढऱ्या-काळ्या वस्त्रांत यावे.'"

इथे मास्तरांचा आवाज चिरकला. पिकलं पान गळलं, सगळं भोगून झालं, की आमच्याकडे पांढरं-काळं नेसतात. अकाली गेला, हळहळ वाटली, की लाल-काळं.

"पांढरं?! माझ्यासाठी लाल कुणी नेसणार नाही? हळहळ नाही कुणाला? मला अजून वर्ग घ्यायचाय! समाधानी म्हणे! कुणी विचारलं मला?"

"तुम्हाला कशाला विचारतील?" कोर्लेबाईही आता तापल्या. "मला विचारायला हवं होतं! विधवा झाले मी, आणि मलाच पत्ता नाही! शेवटी कळलं कुठे, तर विजेच्या खांबावर!"

नाक्यावर शॉर्मेमावशी केंकेचे गरम गोळे विकायला बसत. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, मक्याच्या पानात गुंडाळलेले, सोबत तळलेली मासळी आणि तिखटजाळ चटणी. मास्तरांना राग आला, की भूक लागे. ते तसेच त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"दोन दे. आणि चटणी जास्त."

शॉर्मेमावशींनी वर पाहिलं. चमचा पडला. मग त्यांनी टोपलीतले सहा गोळे एकदम पुढे ढकलले.

"सगळे घ्या, दादा! सगळे न्या! चटणीही न्या! फक्त मागे वळून बघू नका. मी तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाही. ते आत्ता बोललेले सोडून."

"आत्ता काय बोललीस?"

"एक्क्याऐंशी वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, एवढंच!"

"एकाहत्तर!"

"शांत व्हा, दादा, शांत व्हा," असं म्हणत मावशींनी जिनची छोटी बाटली काढली आणि रीतीप्रमाणे मृतात्म्यासाठी जमिनीवर धार धरली.

"अगं, खाली कशाला ओततेस? मी इथे उभा आहे! हातात दे!"

कोर्लेबाईंनी त्यांचा हात धरला. "शॉर्मे, जिवंत आहेत गं ते. नीट बघ. मेलेला माणूस एवढा ओरडतो का?"

"दुसरा कुणी असता तर नसता ओरडला," शॉर्मेमावशी म्हणाल्या. "पण हे लार्ये मास्तर आहेत ना, म्हणून मला खात्री वाटेना."

तेवढ्यात मास्तरांची नजर रस्त्यापलीकडे गेली. क्लोटेच्या दुकानापुढे एक छोटा ट्रक उभा होता, आणि चार जण त्यात एक राक्षसी चंदेरी कानस चढवत होते.

मास्तर रस्ता ओलांडून गेले. दोन गाड्या करकचून थांबल्या. चारही माणसं कानस सोडून चार दिशांना पळाली. क्लोटे मात्र पळाला नाही; त्याने भीतीने पेटीच घट्ट धरली.

मास्तर सरळ पेटीकडे वळले. ते वाकले आणि पेटीवरून बोट फिरवत गेले. मग ताठ झाले.

"क्लोटे! हे दात उलटे आहेत!"

"अं?"

"दात मुठीकडे तोंड करून बसवलेस! कानस ढकलताना कापते की ओढताना?"

"म... मला काय ठाऊक?"

"ढकलताना! दात टोकाकडे झुकलेले हवेत! यात बसवून मला वर पाठवणार होतास? तिथे एखादा जाणता फिटर भेटला असता, तर काय म्हणाला असता? लार्ये आला, उलट्या कानशीत बसून!"

एवढं ऐकल्यावर क्लोटेची भीती गेली. शेवटी तोही कारागीर होता.

"तीस वर्षं पेट्या करतोय, मास्तर!" तो गरजला. "तीस वर्षांत आतल्या एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही!"

"मी एक हात लांबीची पेटी सांगितली होती! कानशींसाठी!"

"फळीवर काय लिहिलंत? लार्ये मास्तर, पेटी हवी! माझ्या दुकानात! आणि सोबत ती कानस, जी तुम्ही जिवंतपणी कुणाला देत नव्हता! मी काय समजायचं?"

मास्तरांनी फळी आठवून पाहिली. मजकुरात एकही शब्द जास्त नव्हता, हे खरं. बहुतेक एक कमी पडला होता.

"माझी कानस कुठे आहे?" ते जरा खालच्या आवाजात म्हणाले.

क्लोटेने झाकण उचललं. आत पांढरंशुभ्र, मऊ कापड. मधोमध उशी. आणि उशीवर ती मोठी चपटी कानस. एकटी, निवांत, एखाद्या राणीसारखी. मास्तरांनी ती उचलून उन्हात धरली. दोन आठवडे समुद्राकाठी! गंजाचा ठिपका नाही! दात असे लखलखत होते, जणू कालच कारखान्यातून आलेत.

"झाकण घट्ट आहे हो," मास्तर पुटपुटले.

"सुई शिरणार नाही," क्लोटे म्हणाला. "बरं, आलाच आहात तर एकदा आत पडून बघता का? मी माप अंदाजाने घेतलं होतं."

"क्लोटे!!"

"राहिलं. पण मास्तर, तुम्ही आता घाई करायला हवी. ही पेटी शाळेत न्यायची होती. तिथे तुमची शोकसभा चालू आहे. आशिते बोलणार आहे. सोमवारपासून तुमचा वर्ग त्याच्याकडे दिलाय ना."

मास्तरांनी कानस छातीशी धरली. मरण त्यांनी सोसलं होतं. दहा वर्षं जास्तीची सोसली होती. पांढरं कापडही सोसलं होतं. पण हे?

"माझा वर्ग? त्या पोतेवाल्याला? चाळीस पोरांना तो पोत्यात कानशी कोंबायला शिकवणार? चाळीस पोरं म्हणजे पुढची पन्नास वर्षं, क्लोटे! अख्खी पिढी घसरत्या कानशी घेऊन जन्म काढेल! चल, चढव!"

ट्रक निघाला. पुढे ड्रायव्हर आणि कोर्लेबाई, मागे क्लोटे आणि मास्तर. पेटी बांधायला दोर एकच होता, म्हणून ती हलू नये यासाठी मास्तर तिच्यावर बसले. रस्त्याच्या कडेने लोक थांबले, डोक्यावरच्या टोप्या उतरल्या. मास्तर हात हलवून "अरे, जिवंत आहे मी! जिवंत आहे!" असं ओरडत होते. परिणाम एवढाच झाला, की लोक टोप्या तिथेच टाकून पळाले. चर्चच्या वाद्यपथकाला निम्म्या रस्त्यात गाठायला सांगितलं होतं. त्यांनी मास्तरांना पेटीवर बसलेलं पाहिलं, तुतारीवाल्याने एक लांब, वेडावाकडा सूर काढला, आणि अख्खं पथक गटारापलीकडे उतरलं.

"पुरे करा ते हात हलवणं," कोर्लेबाई खिडकीतून म्हणाल्या. "शोभत नाही."

शाळेच्या पटांगणात चाळीस मुलं पांढऱ्या सदऱ्यांत ओळीने उभी होती. व्यासपीठावर ओकाईबाई डोळे टिपत होत्या. आशिते काळ्या कोटात भाषण करत होता, आणि त्याचा आवाज फाटकाबाहेर ऐकू येत होता.

"...लार्ये माझा भाऊ होता! त्याने माझा शब्द कधी मोडला नाही! मी त्याला सांगायचो, लार्ये, कानशींना जप! तो माझं ऐकायचा. रोज संध्याकाळी तो आपल्या कानशींना प्रेमाने तेल लावायचा..."

"तेल?!"

अख्खं पटांगण वळलं. फाटकात ट्रक, ट्रकवर कानस, कानशीवर मास्तर! उभे राहून!

"तेल?! कानशीला?! खोटारड्या! चाळीस वर्षांत मी कानशीला तेलाचा थेंब लावला नाही! तेल लावलं, की कीस दातांत चिकटतो आणि कानस घसरते! मी खडू लावायचो, खडू! मेलेल्या माणसावर असला आळ घेतोस?"

पुढे काय झालं, ते तीन प्रकारे सांगतात. दोन मुलं झाडावर चढली हे नक्की. आशिते व्यासपीठाच्या मागून उतरायला गेला आणि स्वतःच्याच पोत्याला अडकून पडला, हेही नक्की. पोतं तो बरोबर घेऊन आला होता, सोमवारची तयारी म्हणून. ओकाईबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. वीस वर्षं मुख्याध्यापिका राहिलेली बाई भुताला घाबरत नाही.

"लार्ये मास्तर," त्या म्हणाल्या, "आपण जिवंत आहात का?"

"हो, बाई!"

"लेखी कुणी कळवलं नाही. आशितेंच्या नावाचं पत्र आजच सकाळी सही होऊन गेलं. एका जागेवर दोन माणसं मी कशी घेऊ?"

"जिवंत असला तरी एकाहत्तरचा आहे, बाई!" आशिते जमिनीवरून ओरडला.

"आता एकाहत्तर! पत्रकावर एक्क्याऐंशी कुणी छापलं रे?"

"शांत!" ओकाईबाई म्हणाल्या. "मला वय नको, कोट नको, भाषण नको. माझ्या मुलांच्या हातात कुणाची हत्यारं द्यायची, ते बघू. दोघांनीही आपल्या कानशी इथे टेबलावर ठेवा."

आशितेने पोतं उलटं केलं. हातोडे, पाने, छिन्न्या आणि त्यांच्यामध्ये कानशी, सगळं धडाधड पडलं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग त्यांनी आपलं गाठोडं उलगडलं. आत लहान-लहान गाठोडी, प्रत्येक कानस आपल्या कोरड्या कापडात, खडूने पांढुरकी. ती सगळी त्यांनी ओळीने मांडली. एकीचं अंग दुसरीला लागू दिलं नाही. शेवटी मोठी चपटी.

"ओयो," बाईंनी पहिल्या रांगेतल्या मुलीला बोलावलं. "ही पितळेची पट्टी. दोघांची एकेक कानस चालवून बघ."

ओयोने आधी आशितेची घेतली. ढकलली. कानस सर्रकन पुढे गेली आणि मुलगी टेबलावर पालथी पडता-पडता वाचली. पट्टीवर ओरखडासुद्धा नाही! मुलं हसली. मग तिने मास्तरांची मोठी कानस उचलली. ढकलली. खर्रर्र! पितळेचा सोनेरी कीस टेबलावर पडला. तिने पुन्हा ढकलली. आणखी कीस. ती थांबेचना.

"मास्तर," ती म्हणाली, "ही चावते!"

"चावणारच! तिचे दात शाबूत आहेत ना!" मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांची मोठी कानस पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी चालवली होती, आणि त्यांना ती काढून घ्यावीशी वाटली नाही. "पण ओढताना उचल, बाळ. ओढताना दाबलंस, तर दात जातात. हां! असं!"

ओकाईबाईंनी आशितेचं पत्र मागून घेतलं आणि चार तुकडे केले. आशिते पोतं भरू लागला. खळ्ळखट्याक! "हळू रे!" मास्तर ओरडले. बोलणं बंद झाल्यापासून इतक्या वर्षांत तो त्यांनी त्याच्याशी बोललेला पहिला मायेचा शब्द होता.

ती भलीमोठी पेटी शाळेतच राहिली. क्लोटेने रविवारभर बसून आत चाळीस कप्पे केले. दात मात्र उलटेच ठेवले, त्यावर तो ऐकायला तयार नव्हता.

आणि सोमवार उजाडला. मास्तर कडक इस्त्रीचा सदरा घालून वर्गात शिरले. चाळीस मुलं उभी राहिली. मास्तरांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "कानशीची निगा." मग नऊ वर्षं मनात घोळवलेलं वाक्य बोलले:

"मुलांनो, मनात येईल तो प्रश्न विचारा! माझ्या वर्गात कुठलाही प्रश्न वेडगळ नाही!"

चाळीस हात वर गेले. मास्तरांचं ऊर भरून आलं.

"हां, तू बोल!"

"मास्तर, तुम्ही मेला होतात तेव्हा भूक लागायची का?"

"मी मेलो नव्हतो! पुढचा!"

"मास्तर, तिकडे पण शाळा असते?"

"मी तिकडे गेलोच नव्हतो! कोफोरिदुआला गेलो होतो! फक्त कानशीबद्दल विचारायचं! ज्याचा प्रश्न कानशीबद्दल असेल, त्यानेच हात वर ठेवा!"

एकोणचाळीस हात खाली आले. एकच वर राहिला. ओयोचा. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"शाबास! विचार, बाळ!"

"मास्तर, त्या मोठ्या पेटीत आता आमच्या कानशी ठेवल्या. मग पुढच्या वेळी तुम्हाला कशात ठेवायचं?"

मास्तरांनी फळा पुसून टाकला. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि जाहीर केलं, "जेवणाची सुट्टी!"

तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते.